खो मिळायच्या आधी

मगदूमांच्या घरातून दही हद्दपार झालं त्याला आता चार आठवडे झाले होते. दह्यापाठोपाठ ताक गेलं, ताकापाठोपाठ आंबील गेली, आणि परवा तर शीतलरावांनी लिंबाच्या लोणच्याची बरणीसुद्धा शेजारच्या आवाड्यांकडे पोचती केली. फ्रिजवर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली होती : 'आंबट बंद. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, ते लिहिलेलं नव्हतं.

सारिकाबाई ती चिठ्ठी रोज वाचत आणि रोज गप्प बसत. इचलकरंजीत पालिकेच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरींना खो-खो शिकवला. त्यांची शिट्टी वाजली की रस्त्यावरचे रिक्षावालेही दचकून मागे बघायचे. पण नवऱ्याच्या या कारभारापुढे त्यांनी हात टेकले होते. शीतलराव जन्मभर मागाच्या कारखान्यात जॉबर होते. अडलेला माग दिसला की पाना घेऊन त्याच्या पोटात शिरल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आता बायकोच आजारी पडली होती, आणि दुरुस्त करायला दह्याखेरीज काहीच त्यांच्या हाती लागत नव्हतं. बाईंना ते कळत होतं, म्हणून त्या कोरडा भात मुकाट गिळत होत्या.

दह्यावर एवढा राग का, तर डॉक्टर निलोफर मुजावरांनी पहिल्याच भेटीत 'लॅक्टेट' हा शब्द उच्चारला होता. शीतलरावांनी घरी येऊन शोधाशोध केली. दह्यातला आंबटपणा त्याच घराण्यातला, एवढं कळल्यावर पुढचं वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

निलोफर ही बाईंचीच विद्यार्थिनी. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये काम करणाऱ्या मुजावरांची ही पोरगी सहा वर्षं बाईंच्या हाताखाली खेळली, मग शिकत शिकत पार परदेशात जाऊन आली, आणि आता मिरजेच्या कृष्णाकाठ कर्करोग केंद्रात एका नव्या औषधाची चाचणी चालवत होती. मोठ्या आतड्यातली गाठ काढल्यावर बाईंच्या यकृतावर तीन डाग राहिले होते, आणि केमोच्या आठ फेऱ्यांनी त्यांतला एकही तसूभर हलला नव्हता. तेव्हा निलोफरनेच त्यांना बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी तिने कोऱ्या कागदावर खो-खोचं मैदान काढलं. दोन खांब आणि मध्ये आठ चौकोन.

"बाई, तुमच्याच मैदानावर समजावते," ती म्हणाली. "पेशी साखर जाळून ताकद मिळवते. कॅन्सरच्या पेशीला मात्र धीर नसतो. प्राणवायू हाताशी असला तरी ती साखर अर्धवट जाळते आणि उरलेलं लॅक्टेट बाहेर टाकते. कितीतरी वर्षं आम्ही त्याला नुसता कचरा समजत होतो. नंतर कळलं की त्या लॅक्टेटचा एक बारीक तुकडा प्रथिनांना जाऊन चिकटतो. खूण लागते म्हणा ना. आणि खूण लागली की त्या प्रथिनाचं वागणं बदलतं."

"चिकटलं तर चिकटलं," शीतलराव म्हणाले. "त्यानं काय हुतंय?"

"काका, डीएनएचा धागा प्रथिनांच्या कांड्यांवर गुंडाळलेला असतो. कांडीवर खूण लागली की तिथला धागा सैल होतो आणि त्या जागेची जनुकं जागी होतात. ही जनुकं म्हणजे चौकोनात बसलेले गडी. पाठीवर हात पडल्याशिवाय ती उठत नाहीत. गाठीतलं लॅक्टेट नको त्यांना खो देत सुटतं." तिने दोन-तीन चौकोनांवर फुल्या मारल्या. "आणि केमो काय करतं? गाठीतल्या पेशींचा डीएनए तोडतं. पण तुटलेलं सांधणाऱ्या प्रथिनांनाही या खुणा लागतात, मग ती दुप्पट जोमानं सांधत बसतात."

"म्हणजे आम्ही धागा तोडायचा आणि तिथं गाठ मारायला चार माणसं जादा बसलेली," शीतलराव म्हणाले. हे त्यांना चटकन पटलं.

"अगदी तसंच. आमची गोळी ती खूण लावणारा हात धरून ठेवते. हात अडला की सांधणं ढिलं पडतं आणि केमोला वाट मिळते."

मग तिने बाईंच्या दंडावर एक गोल चकती बसवली. नाव लांबलचक होतं, पण केंद्रात सगळे तिला टिकलीच म्हणत. टिकलीच्या केसाहून बारीक सुया रक्तातल्या पेशींवरच्या खुणा मोजत आणि रोज संध्याकाळी सहाला मोबाइलवर एक आकडा येई. त्याला खुणांक म्हणत. बाईंचा सुरुवातीला ब्याण्णव होता. बाराव्या आठवड्यात तो चाळीसच्या खाली आला तर औषध पुढे चालू, नाही तर चाचणीतून बाहेर. आणि हे औषध चाचणीबाहेर कुठेच मिळत नव्हतं. म्हणजे बाहेर पडणं याचा अर्थ काय, ते तिघांनाही कळत होतं.

पहिले पाच आठवडे आकडा शहाण्यासारखा उतरला. ब्याण्णवचा त्र्याहत्तर, त्र्याहत्तरचा चव्वेचाळीस. शीतलराव रोज सहाला हातातलं काम टाकून खुर्ची ओढून बसत. आणि सहाव्या आठवड्यात आकडा वळला. एक्कावन्न. अठ्ठावन्न. दहाव्या आठवड्यात एकसष्ट.

दह्याची हकालपट्टी झाली ती याच वळणावर. निलोफरने फोनवर शपथेवर सांगितलं की पोटात गेलेल्या दह्याचा गाठीशी काडीचा संबंध नाही, पेशी आपलं लॅक्टेट आपल्या घरात बनवते. शीतलराव "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी कैरीही बंद केली.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती फक्त बाईंना ठाऊक होती. सहाव्या आठवड्यापासून त्या धावत होत्या.

झालं होतं ते अगदी साधं. राज्य स्पर्धेचा संघ शाळेच्या मैदानावर सरावाला आला होता, आणि बाई सकाळी नुसत्या खुर्ची टाकून बघायला जात. पोरींना खांब काही जमत नव्हता. खांबाशी पोचल्यावर हाताची पकड कुठे, पाय कुठे, अंग कधी झोकायचं, हे बाईंनी तोंडाने दहा वेळा सांगितलं. अकराव्या वेळी त्या खुर्चीतून उठल्या, साडीचा पदर खोचला आणि स्वतः गेल्या. खांबाला वळसा घालून त्यांनी अंग झोकलं, आणि समोरच्या पोरीची वेणी बोटांना लागली. पोरींनी टाळ्या पिटल्या. बाई गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभ्या राहिल्या. मांड्या पेटल्या होत्या, तोंडाला कोरड पडली होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. ऑपरेशन झाल्यापासून हे शरीर दवाखान्याचं झालं होतं. ते आज पुन्हा त्यांचं झालं.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा धावल्या. मग रोजच. वीस-वीस सेकंदांच्या सहा-सात धावा, त्याहून जास्त नाही. चाचणीच्या कागदावर 'दमणूक होईल असे श्रम करणार नाही' या कलमाखाली आपली सही आहे, हे त्या विसरल्या नव्हत्या. पण तीस वर्षांच्या प्रशिक्षक होत्या त्या. दमलेल्या स्नायूंत लॅक्टेट साठतं आणि तासाभरात रक्तातून निघून जातं, हे त्या पोरींना जन्मभर शिकवत आल्या होत्या. धावायचं सकाळी सातला, टिकली मोजणार संध्याकाळी सहाला. मध्ये अकरा तास. हिशोब चोख होता, असं त्यांना वाटलं.

दहाव्या आठवड्यातल्या रविवारी निलोफर फोन न करता स्वतःच घरी आली. शीतलराव चहा टाकायला आत गेले. निलोफर कॉटवर बाईंच्या शेजारी बसली आणि बराच वेळ हातातल्या पिशवीचे बंद ओढत राहिली.

"बाई, चाचणीवर देखरेख करणाऱ्या पुण्याच्या समितीचं पत्र आलंय. आकडा वर चाललाय म्हणून पुढच्या आठवड्यातच तुमचं नाव काढायचं म्हणतात. माझं कुठं चुकलं तेच कळेना. गोळी बरोबर, मात्रा बरोबर, केमो बरोबर."

"रक्तात लॅक्टेट जास्त झालं असेल काहीतरी," बाई जपून म्हणाल्या. "ते तर तासाभरात निघून जातं ना?"

"लॅक्टेट जातं, बाई. खूण राहते. टिकली लॅक्टेट मोजतच नाही, ती खुणा मोजते. एकदा लागलेली खूण पुसायला चार-चार दिवस लागतात."

अकरा तासांचा चोख हिशोब डोळ्यांसमोर कोसळला. आकडा वर चढवणारं दुसरं-तिसरं कोणी नव्हतं.

आणि त्यांना वीस वर्षांपूर्वीचं धाराशिव आठवलं. राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, शेवटचं मिनिट. सोळा वर्षांची निलोफर चौकोनात बसलेली. खो मिळायच्या आधी ती उठली, झेपावली, आणि समोरचा गडी बाद झाला. पंचांनी शिट्टी वाजवली, गुण दिला. कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं. आणि या पोरीने हात वर केला. "सर, मी आधी उठले. फाऊल." गुण परत गेला. संघ एका गुणाने हरला. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, आणि उठलात तर आपणहून हात वर करायचा, हे बाईंनीच शिकवलेलं. पण धाराशिवपासून इचलकरंजीपर्यंतच्या एसटीत बाई तिच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"निलू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खरंच उजवा हात वर केला. "मी खो मिळायच्या आधी उठलेय गं."

निलोफरला क्षणभर अर्थ लागला नाही. मग बाईंनी सगळं सांगितलं. खांब, पोरी, वीस सेकंद, अकरा तास. सांगताना त्यांनी एकदाही मान खाली घातली नाही, पण हात खाली घ्यायचं मात्र त्या विसरल्या.

"चार आठवडे?" निलोफर उभी राहिली. तिचा आवाज चढला. "चार आठवडे तुम्ही रोज धावताय? बाई, वय बसत नव्हतं तुमचं या चाचणीत! मी तीन वेळा समितीपुढं उभी राहिले. म्हणाले, ही बाई शिस्तीची आहे, मी जबाबदारी घेते. आणि तुम्ही... आता हे कळवलं तर पुढच्या आठवड्यापर्यंतसुद्धा थांबणार नाहीत ते. उद्याच नाव काढतील!"

"काढू देत. पण कळव."

"अहो, पण मग औषध बंद होईल तुमचं!"

"माझं काय व्हायचं ते होईल," बाई म्हणाल्या. त्यांना जगायचं होतं, अगदी मनापासून जगायचं होतं. "पण मी गप्प बसले तर कागदावर लिहिलं जाणार की या बाईवर औषध चाललं नाही. ते खोटं आहे. चूक औषधाची न्हाई, माझी आहे. माझ्या पाठीमागं अजून किती माणसं चौकोनात बसलीत वाट बघत. त्यांचा खो मी चुकवू व्हय?"

निलोफर खिडकीशी गेली आणि पाठ करून उभी राहिली. आतल्या दारात शीतलराव चहाचा ट्रे घेऊन कधीचे थिजले होते.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "दह्याचा कायच संबंध न्हवता?"

निलोफर वळली. तिला हसायचं नव्हतं, पण आलं. मग ती बाईंच्या शेजारी बसून रडलीही. चहा सगळ्यांनी गारच प्याला. निघताना तिने तिथल्या तिथे बाईंच्या रक्ताच्या चार छोट्या नळ्या भरून घेतल्या आणि बजावलं, "आता या घराबाहेर चपलासुद्धा घालायच्या नाहीत. आणि काका, तुम्ही पहारा द्या."

पुढचे नऊ दिवस शीतलरावांनी इमानाने पहारा दिला. मध्ये एकदा निलोफरनेच गाडी पाठवून मिरजेत यकृताचं नवं चित्र काढून घेतलं, तेवढंच काय ते बाहेर पडणं. सहा वाजता येणारा आकडा आता कोणी बघत नव्हतं. बाई सोप्यात बसून रस्त्याकडे बघत, आणि शीतलराव त्यांच्या पायांना तेल लावत. "लई पळालेत बिचारे," एवढंच एकदा म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बाईंच्या पायांना हात लावण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि बाईंनी नको म्हटलं नाही.

दहाव्या दिवशी मिरजेहून बोलावणं आलं. निलोफरच्या खोलीत भिंतीवर यकृताची दोन चित्रं लावलेली होती. जुन्या चित्रात तीन डाग. नव्या चित्रात बाईंना एकच दिसला, आणि तोही मुगाच्या दाण्याएवढा. आपली नजर कमी झाली असावी म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"चष्मा ठीक आहे, बाई," निलोफर म्हणाली. "दोन गेले. तिसरा निघालाय."

"पण आकडा?" शीतलरावांनी विचारलं. "आकडा तर वर हुता."

"टिकली सगळ्या खुणांची बेरीज सांगते, काका. कुठल्या पेशीवर किती, ते तिला वेगळं करता येत नाही. बाईंनी धावल्याचं सांगितलं नसतं तर मीही वेगळं करून बघितलं नसतं. ते रक्त मी पेशीगणिक निवडायला लावलं. गाठीतून आलेल्या पेशींवर खुणा जवळजवळ नाहीतच, म्हणजे औषधानं आपलं काम चोख केलंय. खुणा होत्या त्या रक्षक पेशींवर. गाठीवर चालून जाणाऱ्या आपल्याच पेशींवर. एरवी त्या गाठीपाशी पोचेपर्यंत दमून जातात. बाईंच्या ताज्यातवान्या होत्या आणि संख्येनंही भरपूर." ती थांबली. "खूण तीच. कुणाच्या पाठीवर पडली, त्यावर सगळं."

"आणि गोळीनं ती खूण अडवली कशी न्हाई?" शीतलरावांनी विचारलं.

"त्या पेशींत खूण लावणारा हात वेगळा असावा. अंदाज आहे नुसता."

"म्हणजे पळाल्यानं गुण आला?" बाईंनी हळूच विचारलं.

"तसं म्हणायचं नाही," निलोफरने बोट उगारलं, आणि क्षणभर ती हुबेहूब बाईंसारखी दिसली. "एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. कदाचित तुम्ही धावला नसतात तरी हेच झालं असतं. कदाचित दुसऱ्या कुणाला धावून अपायही होईल. ते शोधावं लागेल. नियम मोडल्याबद्दल तुमचं नाव चाचणीतून काढलंय, तुमचे आकडे कुठल्याही निष्कर्षात धरणार नाहीत. समितीनं मलाही चार शब्द सुनावलेत. पण चित्र बघून त्यांनी तुमचं औषध विशेष परवानगीनं चालू ठेवलंय. आणि आठ जणांचा नवा छोटा गट मंजूर केलाय. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वीस-वीस सेकंद धावणारा."

शीतलरावांनी दोन्ही हात जोडले. पण ते नेमके कोणाला जोडावेत हे त्यांना उमगेना, म्हणून त्यांनी आधी निलोफरला, मग भिंतीवरच्या चित्राला आणि मग बाहेर जाऊन औषधाच्या खिडकीवर बसलेल्या मुलीलाही नमस्कार केला.

खोलीत दोघीच राहिल्या. बाईंच्या मनात त्या वेळी इतकं काही दाटून आलं होतं, की कुठून सुरुवात करावी ते समजेना. पोट उघडून गाठ काढणारा सर्जन, गोळी शोधणारी कोण कुठली माणसं, पायांना लावलेलं तेल, आणि ज्याला त्या जन्मभर शिव्या घालत आल्या, ते मांड्या पेटवणारं लॅक्टेटसुद्धा. सगळ्यांचे आभार मानायचे होते. पण एक ऋण वीस वर्षं थकलं होतं, आणि ते आधी.

"निलू, धाराशिवहून येताना मी तुझ्याशी बोलले नाही."

"सोडा हो बाई. किती वर्षं झाली."

"नाही, ऐक. मला राग आला होता, तो कप गेल्याचा. तू हात वर केलास, ते मी शिकवलेलंच केलंस, आणि मला ते आवडलं नाही. एवढी मी कोती. त्या रविवारी माझा हात वर गेला ना, तो तुझा होता गं. तू तेव्हा केला नसतास तर मला आता सुचलं नसतं. मी गप्प बसून राहिले असते आणि मेले असते." बाईंनी डोळे पदराने टिपले. "तुझे उपकार आहेत माझ्यावर. तेव्हाचे आणि आत्ताचे."

निलोफरने खाली वाकून बाईंच्या पायांना हात लावला आणि तो तसाच ठेवला.

नवा गट महिन्याभराने शाळेच्या मैदानावर जमला. मिरज-सांगलीकडचे सात जण होते, आणि आठव्या बाई. त्यांचे आकडे मोजायचे नव्हते. पण धावायचं कसं हे शिकवायला त्यांच्यावाचून कोण होतं? एक बँकेतले निवृत्त गृहस्थ होते, एक पोलिसातली बाई, एक नुकतं लग्न झालेला मुलगा. सगळ्यांच्या दंडावर टिकल्या, आणि कडेला नर्स घड्याळ घेऊन उभी. शीतलरावांनी खांबाशी नारळ फोडला. त्यांच्या पिशवीत दहीभाताचा मोठा डबा होता. दह्याला विरजण आवाड्यांकडून आणलं होतं, आणि येताना त्यांनी लोणच्याची बरणीही परत आणली होती. ती अर्धी झाली होती.

"आधी बसायला शिका," बाईंनी सगळ्यांना सांगितलं. "एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं. आणि एक ध्यानात ठेवा. खो मिळाल्याशिवाय उठायचं न्हाई. मग मागं काय का होईना."

सांगून झाल्यावर त्या स्वतः शेवटच्या चौकोनात जाऊन बसल्या. एक गुडघा मातीला टेकवलेला, बोटं जमिनीवर. पळायला संघातल्या तीन पोरी होत्या, आणि पहिला पाठलाग निलोफर करणार होती. तिने पांढरा कोट खांबाला अडकवला होता आणि केस घट्ट बांधले होते.

शिट्टी झाली. पाठीमागे पावलं वाजायला लागली. बँकेतल्या गृहस्थांना खो मिळाला, मग पोलिसातल्या बाईंना, मग पुन्हा निलोफर धावत सुटली. तिची पावलं बाईंनी लगेच ओळखली. डावा पाय ती अजून जरासा जोरात टाकायची, सोळाव्या वर्षी टाकायची तसाच. पावलं जवळ आली. बाईंचं सगळं अंग उठायला आसुसलं, मांड्या ताणल्या गेल्या, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. समोरच्या शेताडीवर ऊन पडलं होतं. किती छान ऊन आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते आपल्याला दिसतंय.

मग पाठीच्या मधोमध निलोफरचा तळवा पडला, ऊबदार आणि पुरा.

"खो!"

बाई उठल्या.